दोर दुसऱ्याच खिडकीत

आमच्या खानदानात कॉलेजची डिग्री घेतलेला मी पहिला. हे मी कोणी न विचारताही सांगतो. पण त्या डिग्रीवर मी नेमकं काय करतो, हे भातकुलीकडच्या आमच्या गावात आजवर कोणाला समजावता आलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "तो कम्प्युटरवर असते." तेवढं बरोबर आहे.

अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत मी सकाळी दार लावून बसतो आणि अकोल्यातलं एक मशीन चालवतो. कंपनीच्या तिथल्या ऑफिसातली माणसं पुण्याला गेली, मशीन तेवढं मागे राहिलं. मशीन म्हणजे लिनक्स या प्रणालीवर चालणारा मोठा कम्प्युटर. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनेच बनवलेली दहा-बारा लहान मशीनं चालतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र. बाहेर जायचा रस्ता मात्र सगळ्यांचा एकच, मोठ्या मशीनच्या मागची एक केबल. त्या रस्त्याची मांडणी करणारं जुनं सॉफ्टवेअर ठेवायचं की नवं घ्यायचं, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. मांडणी मोडायची, नवी करायची, चालली का बघायचं, लिहून ठेवायचं. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे.

बोलणं व्हायचं ते अकोल्याच्या वॉचमनकाकांशी, फोनवर. ते बाळापूरकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे.

"काका, एसी चालू आहे का?"

"चालू हाये ना. मशीनले थंडी वाजून राहिली अन् मले घाम."

या कामात एक गोम आहे. ज्या रस्त्याने आपण मशीनपर्यंत पोचलो, तोच रस्ता उखडायचा असतो. म्हणून आधी मशीनला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही, तर जुनी मांडणी परत आण. मी याला दोर बांधणं म्हणतो. विहिरीचा गाळ काढायला उतरणारा माणूस कमरेला बांधतो तसा.

त्या दिवशी अकरा वाजता मी दोर बांधला, नवी मांडणी फायलीत लिहिली आणि लागू केली. स्क्रीन थिजली. रस्ता तुटला होता. घाबरलो नाही, चहा ठेवला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. काहीच परत आलं नाही.

मग नीट पाहिलं. माझ्यासमोर स्क्रीनवर कमांड द्यायच्या दोन काळ्या खिडक्या होत्या, दिसायला सारख्या. एक मोठ्या मशीनची, एक त्याच्या पोटातल्या लहान मशीनची. दोर मी लहान मशीनला बांधला होता आणि उडी मोठ्यात मारली होती. त्या लहान मशीनने दहा मिनिटांनी इमानदारीने स्वतःची मांडणी परत आणली असेल, जी कोणी मोडलीच नव्हती.

तेवढ्यात पुण्याहून मॅडमचा फोन. मी मॅडमच्या हाताखाली काम करतो.

"सगळं बंद पडलंय. तो वॉचमन झाडायला आत जातो ना? त्यानेच केबल ओढली असणार. मागे एसीही त्यानेच बंद केला होता. मी एजन्सीला सांगून त्याला बदलूनच टाकते."

मी म्हणालो, "जाऊन बघतो, मॅडम."

एवढंच म्हणालो. दोर बांधलेली ती खिडकी माझ्या लॅपटॉपवर अजून उघडी होती. ती बंद केली की माझी चूक कोणालाच दिसणार नव्हती.

फायलीत नवीच मांडणी बसल्यामुळे मशीन बंद-चालू करून भागणार नव्हतं, समोर जाऊन बसावंच लागणार होतं. अकोल्याची एसटी पकडली. लॅपटॉप मांडीवर होता, झाकण लावलेला. खिडकी मी बंद केली नव्हती. आणि मॅडमला फोनही केला नव्हता.

अकोल्याला पोचलो तर काका गेटवर उभेच.

"पुण्याहून फोन आला होता मले. म्हणे वायर काहून ओढली, आता बदलूनच टाकतो तुमाले. मी त आज वर गेलोच नाही, बाप्पा!"

मी वर मशीनच्या खोलीत गेलो. मशीनला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडली, जुनी मांडणी हाताने परत लिहिली. पाच मिनिटांचं काम. काका मागोमाग आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आत या ना, काका."

"नाही येत. अजून काही बिघडलं त तेबी माह्याच नावावर."

मग मात्र मी तिथूनच, त्यांच्यासमोर, मॅडमला स्पीकरवर फोन लावला. सांगितलं की केबलला कोणी हात लावला नव्हता, कमांड मी चुकीच्या खिडकीत दिली.

"हे तुला सकाळीच माहीत होतं?"

"हो."

"ठीक आहे. वॉचमनचं एजन्सीला सांगते, राहू दे त्याला. यापुढे कमांड द्यायच्या आधी इथे कोणाला तरी दाखवत जा."

शिकाऊ मुलांना असं सांगतात. मी फोन ठेवला.

काकांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे सकाळपासून माईत होतं तुमाले?"

"हो, काका."

"अन् मी घरी फोन करून सांगून बसलो, नोकरी गेली म्हणून. बायको तिकडे रडून राहिली." त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "तुमची जाईल काय आता?"

"नाही जाणार."

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?"

उत्तर होतं माझ्याजवळ. ज्याचं उदाहरण गावात पोरांना दिलं जातं, त्याला 'चुकलो' म्हणायची सवय उरत नाही. पण दिवसभर ज्यांनी माझी चूक अंगावर वागवली, त्यांच्यासमोर हे काय तोंडाने बोलणार? मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हं," म्हणून ते जिन्याने उतरले. खालून त्यांचा आवाज आला, "हो, हो, राहिली नोकरी. आता रडू नको."

रिपोर्टमध्ये मी कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. नव्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हता, तेही लिहिलं. मग राहिलेली चाचणी करायला बसलो. खिडकीवरचं मशीनचं नाव बोट ठेवून वाचलं आणि कमांडचा फोटो पुण्याला पाठवला. उत्तराची वाट बघत राहिलो. खोलीत फक्त मशीनचे पंखे वाजत होते.