सुरय्या विमानानं गेली

नेवाशात सुरय्याला सगळे गादीवाली म्हणून ओळखत. नवरा गेल्यावर कापूस पिंजायचं मशीन तिनंच चालवलं, गाद्या भरल्या, जाड दोरा ओढून ओढून तिची मनगटं गड्यासारखी झाली. एकुलती एक लेक हुमेरा तिनं हैदराबादला दिली होती.

जावई सलमान मारकुटा निघाला. आधी त्यानं हुमेराचं बोट मोडलं, मग इस्त्रीनं पाठ भाजली. दर वेळी सुरय्या बसनं धावत जाई. ती पोचेपर्यंत फरशी पुसलेली असे, लेकीच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा कुर्ता असे आणि सलमान हसत चहा पुढं करी. हुमेराला तो म्हणे, "सहाशे किलोमीटरवर आहे तुझं माहेर. ओरड हवं तेवढं."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन वाजला. "अम्मी," एवढंच ऐकू आलं. मग भांडं आदळलं, लेक किंचाळली, पुन्हा दणका बसला आणि फोन बंद पडला.

दीर खाजाभाई दारात टेम्पोत गाद्या चढवत होता. सुरय्याचा चेहरा बघून तो काय ते समजला.

"भाभी, बसनं गेलीस तर उद्या पोचशील. शिर्डीवरनं दुपारी इमान हाय. दीड तासात हैदराबाद."

"एवढ्यात कसं पोचंल?"

"आभाळातनं वळणं न्हाईत, घाट न्हाईत. पाचशे किलोमीटर बी भरत न्हाई. बस टेम्पोत."

तिकीट त्यानं वाटेतच मोबाईलवर काढलं. सुरय्या पहिल्यांदाच विमानात बसली, पण खिडकीबाहेर तिनं पाहिलं नाही. डोळे मिटले की कानात तो दणका वाजे.

दुपार कलायच्या आत तिनं लेकीचं दार ठोठावलं. सलमान जेवता जेवता उठून आला. हात खरकटेच होते.

"तुम्ही? इतक्यात?"

त्याला ढकलून ती आत शिरली. फरशीवर रक्त तसंच होतं. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली तर हुमेरा भिंतीला टेकून बसलेली, कानातून रक्त गळ्यावर आलेलं, केसांचा एक पुंजका उपटलेला.

मागून सलमाननं सुरय्याची वेणी धरली आणि तिचं तोंड चौकटीवर आपटलं. दोन दात पडले. ती कोसळताच त्यानं पोटात लाथ घातली. दुसरी लाथ बसायच्या आत तिनं त्याचा पाय ओढला. तो पालथा पडला. तिनं त्याचा हात पिरगाळला, हाड मोडल्याचा आवाज आला, तरी सोडला नाही. पाठीवर गुडघा रोवून ती ठोसे घालत राहिली. शेजारी धावत आले, पण कुणालाच ती आवरेना.

"अम्मी, बास," हुमेरा म्हणाली. "मला घरी ने."

तेव्हा तिचा हात थांबला.

पोलीस आले तेव्हा जखमा ओल्या होत्या, फरशी रक्तानं ओली होती. सलमानला नाकारायला जागाच उरली नाही. तो आत गेला. हात मोडल्याचा गुन्हा सुरय्यावरही लागला, आणि तारखेला ती अजून हैदराबादला जाते.

हुमेराला डाव्या कानानं ऐकू येत नाही. ती दुकानात गाद्यांना टाके घालते. रस्त्यावर काही जोरात आदळलं की तिच्या हातातली सुई गळते. मग सुरय्या मशीन बंद करते आणि लेक पुन्हा सुई उचलेपर्यंत तिला खेटून बसते.