जावयाचे धोंडे, सासऱ्याची कंबर

फौजी जावयानं अधिक महिन्यात सुट्टीवर येऊ नये.

आमचे जावई संतोषराव आले. तेही निलंग्याला, जिथं आमची सतरा घरं भावकी! धोंड्याचा महिना म्हणजे प्रत्येक घरी जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तुपाची धार. नको म्हटलं की ते घर वर्षभर रुसतं. तिसऱ्या घराहून परतताना जावयांनी हळूच सांगितलं, की सुट्टी संपताच पलटणीत चाचणी आहे. कमरेला टेप लावून चरबी मोजणार, मग अडीच किलोमीटर पळवून दम बघणार. नापास झाले तर हवालदारकी हुकली.

लेकीचा चेहरा पडला. मी छाती पुढं काढली (पोटही सोबत आलं) आणि म्हटलं, "पाव्हणं, तुम्ही फक्त पळा. खायचं मी बघतो."

बेत सोपा होता. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायचं, वाढणारी आत वळली की त्यांचे धोंडे माझ्या ताटात. चौथ्या घरी, पहिल्याच डावात फसलो. जावयाचं ताट रिकामं बघून चुलत वहिनीला इतका आनंद झाला, की तिनं आणखी चार वाढले! तेही मीच खाल्ले. पुढच्या घरी बातमी आधीच पोचलेली, पाव्हण्याला धोंडे लई आवडतात म्हणून. तिथं सहा.

सकाळी जावई गावाबाहेरच्या रस्त्यानं पळायचे, मी मागं स्कुटीवर घड्याळ घेऊन. "मामा, तुम्हीबी थोडं पळा की," ते एकदा म्हणाले. पळालो, पहिल्या लिंबाच्या झाडापर्यंत. परत त्यांनीच मला स्कुटीवर घालून आणलं.

निघायच्या आदल्या दिवशी ओळखीच्या अडतीत, सोयाबीनच्या काट्यावर दोघंही चढलो. जावई तीन किलो उतरलेले. माझ्या वेळी हमालानं काटा दोनदा बघितला. "काका, खिशात काय हाय?"

पंधरा दिवसांनी फोन आला. पास! कंबर मापात, धाव वेळेच्या आत. लेक हसता हसता रडायला लागली, बायकोनं देवापुढं साखर ठेवली, आणि मी महिन्याभरानं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला (जेवढा आत मावला तेवढा). जावई म्हणाले, धोंड्यांची गोष्ट ऐकून साहेबांनी तुमचा फोटो मागितलाय, उभा, पूर्ण. मी नवा सदरा घालून पाठवला आणि सतराही घरी सांगून आलो.

परवा कळलं, तो जवानांच्या जेवणघरात लावलाय, वाढपाच्या टेबलाजवळ. खाली नाव नाही, गाव नाही. जवान नुसता तो बघतात, आणि हातातली चौथी पोळी परत ठेवतात म्हणे.