हात लावायचा नाही

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिनचं एमडी करत होते. आमच्या युनिटचे प्रमुख शहरातले नावाजलेले डॉक्टर. हृदयविकारावर बोलायला लागले की ऐकत राहावं असे. पण राउंड एचआयव्हीच्या खाटेपाशी आला की ते चार हात लांब थांबत, मला केसपेपर वाचायला लावत आणि पुढं जात. आम्हा निवासी डॉक्टरांना ताकीद होती, "उगाच हात लावायचा नाही."

एकदा गारगोटीकडचा, एचआयव्ही असलेला एक ट्रक ड्रायव्हर भरती झाला. माझ्याच वयाचा. ताप, उलट्या, आणि डोकं धरून नुसता कण्हत होता. उजेड सहन होत नव्हता. बायको पायाशी बसून. मी त्याची मान वाकवायला गेले, तर लाकडासारखी ताठ. मेंदूच्या आवरणाला सूज होती, एवढं कळत होतं. ती क्षयाची की बुरशीची, हे ठरवायला पाठीच्या कण्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला हवं होतं. औषधं दोन्हींवर होती.

राउंडला मी तसं सांगितलं.

"याच्यावर सुई वाया घालवायची नाही," सर म्हणाले. "याचं काय होणार ते ठरलेलं आहे."

"सर, पण क्षयाचं निघालं तर..."

"कोट्यातून जागा मिळाली म्हणून आता आम्हाला शिकवणार का तुम्ही लोक?"

आमचं घर गडमुडशिंगीतलं, बौद्ध. कुणापासून लपवलेलं नव्हतं. पण असं भर वॉर्डात कुणी बोललं नव्हतं. बरोबरचे सगळे आपापल्या बुटांकडं बघत राहिले. बोलली ती ड्रायव्हरची बायको. "सायेब, हात तरी लावून बघा की. माणूस हाय त्यो." सर तोवर पुढच्या खाटेपाशी पोचले होते.

त्यांच्या परवानगीशिवाय मला सुई घालता येत नव्हती. आठवड्याभरात तो गेला. वाचलाच असता असं मी म्हणत नाही. त्याला काय झालं होतं हे मला आजही माहीत नाही, आणि तेच मला सोडत नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तो न तपासता गेला."

"एवढा कळवळा असेल तर तिकडंच राहा," ते म्हणाले, आणि उरलेला सगळा काळ मला साथरोगांच्या वॉर्डात टाकलं. बरोबरचे हृदयाची सोनोग्राफी शिकले, मी गॅस्ट्रो, कावीळ, घटसर्प आणि एड्स बघत बसले.

संसर्गजन्य रोगांकडं कशा वळलात, असं मला विचारतात. मी सेवेबद्दल काहीतरी बोलते. खरं कारण राग. या विषयात मला इतकं पुढं जायचं होतं की त्या माणसाला एक दिवस माझ्यासमोर विद्यार्थी म्हणून बसावं लागेल. त्यासाठी मी दक्षिणेत जाऊन राहिले, तिथल्या मोठ्या रुग्णालयात शिकले, लग्न लांबवलं.

पुढच्या दशकात एचआयव्हीची औषधं सरकारी रुग्णालयांत फुकट मिळू लागली. त्याच रुग्णालयात डॉक्टरांसाठी संसर्गजन्य रोगांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि मी परत आल्यावर ते माझ्याकडं आलं. मेडिसिनच्या प्रत्येक डॉक्टरला ते सक्तीचं होतं. पहिल्याच तुकडीत सर आले. मागच्या बाकावर बसले.

मी घाई केली नाही. आठवडाभर त्यांना 'सर'च म्हटलं. मग सगळी तुकडी वॉर्डात नेली. मेंदुज्वरातून सावरत असलेल्या, एचआयव्ही असलेल्या एका बाईंना आधीच विचारून ठेवलं होतं, डॉक्टर लोकांनी तपासलं तर चालेल का म्हणून. "बघू देत की," त्या म्हणाल्या होत्या.

"सर, मान तपासून दाखवा."

त्यांनी हातमोजे मागितले.

"मान बघायला मोजे लागत नाहीत. लावा हात."

त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं बघत होती. त्यांनी बोटांच्या टोकांनी बाईंची मान उचलल्यासारखं केलं आणि हात मागं घेतला.

"पुन्हा. नीट," मी म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी पूर्ण तळवा मानेखाली घातला. मग मी त्या ड्रायव्हरची हकीकत सांगितली, सगळी, कोट्याच्या वाक्यासकट. फक्त डॉक्टर कोण ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती; त्यांचा चेहरा उतरत गेला होता.

शेवटच्या परीक्षेत ते नापास झाले. मी पाडलं नाही. त्यांना खरंच येत नव्हतं. पण निकाल वाचताना आवाज मुद्दाम चढवला. ते अधिष्ठात्यांकडं तक्रार घेऊन गेले. अधिष्ठात्यांनी पेपर बघितला आणि त्यांना पुन्हा माझ्याच वॉर्डात पाठवलं. या खेपेला ते रोज सकाळी खाटेला टेकून उभे राहायचे, रुग्णाचं पोट दाबून बघायचे, जीभ बघायचे. पास झाले, त्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले.

दोनेक वर्षांत ते निवृत्त झाले. त्यांचा दवाखाना शिवाजी पेठेत होता. तिथून एचआयव्हीचे रुग्ण माझ्याकडं येऊ लागले, तपासून, नीट चिठ्ठी लिहून. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "सुधारला म्हणायचा. आता सोड की."

मी सोडलं नाही. रुग्ण घेतले, त्यांच्यावर उपचार केले; पण सरांच्या निरोप समारंभाला मुद्दाम गेले नव्हते, त्याची खंत कधी केली नाही.