बाबांच्या मांडीतली प्लेट

दाब पडला की उजेड देणारी पूड, हा माझ्या कामाचा विषय. चंद्रपूरच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्या मागच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही काळा कागद लावलाय. पुडीवर आधी निळा प्रकाश टाकायचा, मग दिवा मालवून तिला दाबायचं. जिथे जोर जास्त, तिथे ती हिरवी उजळते. शरीराच्या आत कुठे ताण पडतोय ते बाहेरून दिसावं, ही त्यामागची आशा. ते अजून फार लांब आहे. मटणाच्या तुकड्याखाली पूड ठेवून पाहिली, तर जाड तुकड्यातून काहीच दिसेना.

एका हिवाळ्यात बाबा चामोर्शीजवळ शेतातून येताना मोटारसायकलसकट घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत धातूची प्लेट आणि स्क्रू बसले. पावसाळ्यात भाताच्या रोवणीपर्यंत ते काठीशिवाय चालायला लागले होते.

त्याच दिवसांत आम्हाला चाचणीसाठी एका दवाखान्यातून तसलीच जुनी प्लेट मिळाली. तिच्यावर पुडीचा लेप दिला, प्लास्टिकच्या हाडावर ती बसवली आणि हाड जुळलं नाही तर राहील तशी फट मध्ये ठेवली. दिवा मालवून माझ्या सहकाऱ्याने दाब देणारं यंत्र सुरू केलं. फटीजवळच्या भोकाच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ उमटली. प्रत्येक दाबाला तिथेच. मी मोजणं विसरून बघत राहिले. मग टक् आवाज झाला आणि प्लेट त्याच भोकातून दुभंगली.

"छान!" सहकारी म्हणाला. मला बाबांची मांडी दिसत होती.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आई म्हणाली, "ते बांधीत गेले, धान रोवाले. पाय दुखते म्हणत होते, जाऊ नोका म्हणलं, पण आयकते कोण?"

"कधीपासून दुखतोय?"

"झाले आठेक दिवस. डॉक्टरनं फोटो काढला, चांगला हाये म्हणला."

मिळाली ती बस पकडली. मूल गावाच्या पुढे जंगलातला रस्ता उखडलेला होता. गाडी आदळली की माझा हात आपोआप माझ्याच मांडीवर जायचा.

बाबा चिखलात गुडघाभर उभे होते, हातात रोपांची पेंढी. पाय उचलणार, तोच मी बांधावरून ओरडले, "बाबा, तिथीच थांबा! हलू नका!"

"काऊन? साप हाये का?"

रोवणाऱ्या बायाही जागच्या जागी थिजल्या. साप नाही, प्लेट मोडेल, असं मी बांधावरूनच सांगितलं. शेजारच्या शेतातल्या माणसांनी घरून बाज आणली आणि बाबांना तिच्यावर घेऊन चौघांनी उचललं.

"मेलेल्या माणसावानी काऊन नेऊन राह्यले मले?" बाबा रागावले. आई घरातून धावत आली, बाज पाहिली आणि तिथेच खाली बसली. "बाई, जिवंत हाये मी," ते ओरडले, तेव्हा कुठे तिला रडू आलं.

गडचिरोलीला पहिल्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. डॉक्टर माझ्याकडे जरा वैतागून बघू लागले. मी हात जोडून तिरका फोटो मागितला. त्यात हाड न जुळलेलं दिसलं आणि प्लेटीच्या मधल्या भोकाजवळ केसासारखी चीर. डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली. "पाय खाली ठेवू देऊ नका," एवढंच म्हणाले.

चंद्रपूरला दुसरं ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून फटीत भरला, नवी जाड प्लेट बसवली. रोवणी गावकऱ्यांनी उरकली. त्यानंतर बरेच दिवस मी त्या खोलीत गेले नाही; यंत्र सहकारी चालवायचा, मी बाहेर आकडे घ्यायचे.

हाड आता जुळलंय, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. बाबा बांधीतही उतरतात. पण आई फोनवर बाजाराचं, पावसाचं सांगत असली, तरी मी मध्येच विचारते, "बाबा कुठी आहेत?" आणि ती हाक मारून त्यांचा आवाज ऐकवेपर्यंत मला बसवत नाही.