दाजींनी धुतलेला लॅपटॉप

चेंदणी कोळीवाड्यात दाजींना सगळे इंजिनवाले म्हणून ओळखतात. स्वतःची होडी आहे, पण खाडीत मासळी आता जेमतेम, म्हणून गेली वीस वर्षं ते दुसऱ्यांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. शाळा चौथीपर्यंत. चालू इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि आत काय बिघडलंय ते सांगतात. त्यांची मुलगी दक्षता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. त्यांच्या घरी मी कितीदा जेवले असेन, पण दाजी मला खरे दिसले ते गेल्या मार्चमध्ये, विम्याच्या एका फॉर्ममुळे.

दक्षता वर्तकनगरला एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढते. लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा, अशी तिथली अट आहे. लॅपटॉप नाही तर काम नाही. म्हणून तिने घेतल्या दिवशीच चोरीचा आणि नुकसानीचा विमा उतरवला. तिला भीती होती रिक्षात विसरण्याची. खाडीचा विचार तिने केलाच नव्हता.

त्या शनिवारी ती ऑफिसातून थेट धक्क्यावर गेली, दाजींना डबा द्यायला. एका होडीतून दुसरीत पाय टाकताना खांद्यावरची बॅग निसटली. दाजींनी कपड्यांनिशी उडी मारली. बॅग वर आली तेव्हा तिच्यातून काळं पाणी गळत होतं.

पुढचं मला दक्षताने सांगितलं. दाजींनी तिला काही विचारलं नाही. होडीत मासे शोधायचं छोटं यंत्र असतं, त्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी तिथेच लॅपटॉपची पाठ उघडली आणि बॅटरी सोडवली. ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि सरळ नळाखाली धरला. दक्षता रडत त्यांचा हात ओढत होती, ते मान वर करत नव्हते. कोळीवाड्यात लहान पोरालाही हे माहीत असतं की इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं तर आधी गोडं पाणी, बाकी सगळं मग. पण ते इंजिनाचं. दोन बादल्या पाणी ओतून झाल्यावर त्यांनी लॅपटॉप पडवीत दोरीला उलटा टांगला. दक्षताची आई, सगुणाकाकी, म्हणाल्या, "बोंबील झाले, आता पोरीची नोकरी वाळत घाला."

दक्षताने विमा कंपनीत फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. बाहेरच्या कुणी लॅपटॉप उघडला असेल तर क्लेम नाकारला जातो, असं त्याने सांगितलं. मग आवाज खाली आणून सुचवलं, की नुसतं पाण्यात पडला म्हणा, पुढचं बोलू नका. फॉर्मवर एक रकाना होता, घटनेनंतर तुम्ही काय केलंत. दक्षताने तो कोरा सोडला. सोड म्हणणाऱ्यांत मीही होते.

बुधवारी नौपाड्याहून सर्व्हेअर नुकसान तपासायला आल्या, तेव्हा मीही तिथे होते. उत्तराबाई, पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, पिशवीत भिंग. चहाला त्यांनी नको म्हटलं, फॉर्म वाचला आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. दक्षता माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात दाजी आतून हात पुसत आले.

"मी खोलला. धुतला पन मीच. पोरीचा हात नाय लागला."

काकींनी कपाळाला हात लावला. उत्तराबाईंनी शांतपणे विचारलं, धुवायला किती वेळ गेला?

"पाव तास. बॅटरी होडीतच काढली. खारा पानी नि वीज एका जागी ठेवत नाय. मग घरी येईपर्यंत सुकू दिला नाय. सुकला की मीठ खायला लागतं."

उत्तराबाईंनी लॅपटॉप उघडला आणि भिंग धरलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पडवीतून बाहेरच्या होडीचं इंजिन ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, दाजी आत्ताही तेच ऐकत असतील. मग उत्तराबाईंनी भिंग दाजींच्या हातात दिलं.

"खाडीतून काढलेले बरेच पाहिले मी. आत सगळीकडे हिरवा गंज असतो. हा बघा, घासलेल्या ताटासारखा आहे. कीबोर्ड गेला, बॅटरी गेली, ते बदलावं लागेल. पण मुख्य भाग वाचलाय."

दक्षताने घाबरत विचारलं, की उघडल्यामुळे क्लेम जाणार का. उत्तराबाईंनी पॉलिसीचं सहावं पान काढलं. नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते सगळं करणं विमा उतरवणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं तिथे बारीक अक्षरात छापलेलं होतं. उघडून दुरुस्ती करायला मनाई आहे, त्या म्हणाल्या, आणि ही दुरुस्ती नव्हती. वाचवणं होतं. क्लेम मंजूर करावा असंच त्या लिहिणार होत्या.

मी भाषा शिकले आहे. फॉर्म भरताना त्या पानावरचं ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि मला ते नुसतं वाक्य वाटलं होतं. दाजींना पान माहीत नव्हतं. त्यांच्या हातांना माहीत होतं.

उत्तराबाई अहवाल लिहीत गेल्या आणि लिहिलेलं मोठ्याने वाचत गेल्या. बॅटरी तत्काळ वेगळी केली. गोड्या पाण्याने धुतला. दाजी भिंतीला टेकून लक्ष देऊन ऐकत होते. त्या थांबल्या तेव्हा ते म्हणाले,

"सावलीत वाळवला, ते राहिलं. उन्हात टाकला असता तर गेला असता."

उत्तराबाईंनी चष्मा नीट केला आणि तेही लिहिलं.