तेमुरचा पत्ता

रमाकांत गेल्याचा फोन वहिनींनी केला तेव्हा मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. आता माफी मागायची कुणाकडे? बोईसरच्या गणपतीत वीस नाटकं गाजवलेला मी बडबड्या माणूस... पण एक वाक्य तीस वर्षं तोंडातून निघालं नाही.

तरुणपणी सरावलीच्या एका खोलीत रमाकांत आणि मी राहायचो. कारखाना एक, पाळ्या वेगळ्या. रमाकांतला टपाल तिकिटांचं वेड, आणि जॉर्जियात तेमुर नावाचा पत्रमित्र. सोव्हिएत संघ फुटला, जॉर्जिया स्वतंत्र झाला आणि पाकिटं विचित्र दिसू लागली. जुन्याच तिकिटांवर काळ्या शाईत नवी किंमत! टपालाचे दर असे धावत की एका पत्राला चार तिकिटं, तर पुढच्याला अकरा. मी नाचायचो, "लेका, खजिना!" तो मात्र तिकिटं मोजायचा आणि म्हणायचा, "अरे, पत्राला एवढी, तर पावाला किती लागत असतील?"

मग तिकडे लढाई पेटली. कित्येक महिने पत्र नाही. पोस्टमन दिसला तरी रमाकांत दचकायचा.

एका दुपारी ते आलं. पाकिटाच्या दोन्ही बाजू मिळून सत्तावीस तिकिटं! तो पाळीवर होता. त्याला चकित करायचं म्हणून मी आतलं पत्र काढून ठेवलं आणि तिकिटं सुटावीत म्हणून पाकीट ताटलीतल्या कोमट पाण्यात बुडवलं. तो आल्यावर, रंगमंचाचा पडदा सारावा तसा टॉवेल सारला. "बघ! एकाही तिकिटाच्या कडेचा दात तुटलेला नाही!" तो खूश झाला. मग त्याने पत्र वाचलं. 'आम्ही घर सोडतोय. नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय.'

ताटलीतलं पाणी निळं झालं होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "पाणी फेकू नको," एवढंच म्हणाला...

जुन्या पत्त्यावरची पत्रं परत आली. पुढे टीव्हीवर जॉर्जियाचं नाव निघालं की मी मोठ्याने विनोद सांगायला लागायचो. माफी मागितली असती, तर तेमुर जिवंत असेल का, हेही बोलावं लागलं असतं.

परवा वहिनींनी एक पाकीट हातात ठेवलं. तेमुरचं नाव, खाली कोरी जागा, भोवती तिकिटंच तिकिटं. "परदेशी टपालाचा दर वाढला की हे आणखी एक चिकटवायचे," त्या म्हणाल्या. "पत्ता मिळाला की त्याच दिवशी टाकता यावं म्हणून."

मी ते पोस्टात घेऊन गेलो. का, ते मलाही ठाऊक नाही. खिडकीतल्या मुलीने वजन केलं, तिकिटांवरून बोट फिरवत बेरीज केली.

"काका, तिकिटं बरोबर हायत," ती म्हणाली. "पत्ता कुठं हाय?"