वाट बघणारे गणपती

रामवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकांइतका निरुपद्रवी माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि तरीही एक अख्खं वर्ष लोक त्यांच्या घरी चहाला जायला घाबरत होते. मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. अतिशयोक्ती मला येते, पण ही ती नव्हे.

काका रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होते. निवृत्त झाले तरी कंपनी अंगातून गेली नव्हती. चहा आधी हुंगायचे, मग प्यायचे. ओट्यावर बसण्याआधी रुमाल वर धरून वारा कुठून येतोय ते बघायचे आणि खुर्ची त्या हिशेबाने फिरवायचे. शेजारी मिरचीची फोडणी पडली की सगळ्यांना घराबाहेर काढून रांगेत उभे करायचे. एकदा तर आलेल्या पोस्टमनलाही उभा केला. त्या कंपनीच्या धुराविरुद्ध मी किती पत्रकं काढली! काका प्रत्येक पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे आणि सहीची वेळ आली की म्हणायचे, "छान लिहितोस रे. अक्षर जरा मोठं घे." संताप यायचा. ज्यांनी तीस वर्षं तो वास घेतला त्यांनीच गप्प बसायचं, तर बोलायचं कोणी?

अशा माणसाला छंद लागला तो गणपतींचा. घरची मूर्ती सांगायला म्हणून जोह्याला गेले आणि मूर्तींच्या कारखान्यातच बसले. दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन सकाळची एसटी. सोंड त्यांना जमेना; ती पाइपाच्या बेंडसारखी काटकोनात वळायची. कान एक पुढे, एक मागे. मग एकदा डोळ्यांची आखणी करणारा कारागीर आला नाही आणि काकांनी ब्रश उचलला. आखणी म्हणजे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. श्वास रोखून एका रेषेत करायचं. काकांनी ते व्हॉल्व्ह बंद करावा तितक्या सावकाश केलं. कारखानदार मूर्तीकडे बघत राहिला आणि नकळत दोन पावलं मागे सरला. "काका, उद्यापासून सोंडेला हात लावू नका," तो म्हणाला. "डोळेच करा."

डोळे सुंदर होते, पण देवाचे वाटत नव्हते. उजवी पापणी किंचित खाली, आणि नजर आपल्या खांद्यावरून मागच्या दाराकडे. बिनडोळ्यांच्या पांढऱ्या मूर्तींपुढे कोणाला काही वाटायचं नाही. काकांच्या रांगेसमोर उभं राहिलं की माणूस मागे वळून बघायचाच. मागे कोणी नसायचं. दागिने रंगवणाऱ्या बायका तिकडे पाठ करून बसायला लागल्या. त्यातली एक म्हणालीच, "काका, तुमचे गणपती बगत नाय, वाट बगतात."

घरी तर कहरच. दुधी म्हणू नका, रिकामे डबे म्हणू नका, जे गोल दिसेल त्याला काका डोळे काढायचे. काकू मला सांगत होत्या, "परवा नारळावर काढले. फोडायला माझा हातच होईना रे! बिनचटणीच्या इडल्या खाल्ल्या आम्ही, आणि तो बघतोय आपला." पाहुणे अर्धा कप ठेवून उठायचे.

मी तेव्हा खांब गावच्या एका बाईसाठी भांडत होतो. तिचा नवरा काकांच्याच कंपनीत कंत्राटी कामगार होता, गॅसने मेला. कंपनी म्हणे, तो शिफ्ट संपवून गेला होता, आमच्या आवारात काही घडलंच नाही. तशी नोंद आहे म्हणे, पण रजिस्टर दाखवायचे नाहीत. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद घेऊन आमच्या घरी आली. गणपतीपुढे हात जोडून वाकली आणि तशीच राहिली.

"ह्ये माज्या मान्साचे डोले हायत," ती म्हणाली. "उजवी पापनी बगा. ल्हानपनी बैलाचा शिंग लागलेला."

मूर्ती काकांनी आखलेली. मी तडक शेजारी गेलो आणि सांगितलं. काका हातातलं वर्तमानपत्र घडी घालत म्हणाले, "ओळखलं ना तिने?"

"काका, रजिस्टरवर सही कोणाची आहे?"

"माझी. शिफ्ट संपवून गेला, असं लिहिलंय मी. गेला नव्हता. टाकीपाशी पडला होता, दाराकडे बघत. त्याला वाटलं असेल, कोणीतरी येईल... मीच होतो ना यायचा." मग हात पुढे करून मला दाखवला. "सुरुवात मी गणपतीची करतो रे. शेवटी तोच होतो."

"मग डोळे कसले काढत बसलात? लिहून द्या!"

"खोटी सही माझी. आधी मलाच आत घेतील."

"घेऊ देत," मी म्हणालो. आज ते शब्द आठवले की लाज वाटते, पण मागे घेणार नाही.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुपारी आईने आरती करून उठवला. ती बाई तळ्यापर्यंत बरोबर आली. पाणी त्या डोळ्यांवरून गेलं, तशी ती पदर तोंडाशी धरून खाली बसली.

आठवड्याने काकांनी जबाब लिहून दिला. तीन पानं, खाडाखोड नाही, खाली पूर्ण नाव. काकूंनी तो स्वतः त्या बाईच्या हातात ठेवला. "बस गो," म्हणाल्या, "वाचून दाखवते." चौकशी आता सुरू आहे. काकांना दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

त्या बाईने काकांकडे एकच मागितलं. घरात त्याचा फोटो नाही, तेव्हा एक मुखवटा करून द्या. हंगामातल्या सगळ्या मूर्ती पाण्यात गेल्या होत्या. काकांनी शाडूचा चेहरा केला, तिला समोर बसवलं आणि श्वास रोखला. डोळे उमटले ते शांत, प्रेमळ, कोणत्याही गणपतीचे. पुसले, पुन्हा काढले. चार वेळा.

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली. "आता नाय येयाचे ते."

काका अजून जोह्याला जातात. त्यांच्या मूर्ती आता लोक आवडीने नेतात. फक्त आखणीआधी ते ब्रश हवेत धरून जरा वेळ थांबतात, आणि थांबतात तेव्हा कारखान्यातल्या बायकाही बोलायच्या थांबतात.